गुळव्या गातो कशाला?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरातले ११ जण हौशी नाटक करतो. आतापर्यंत दोन एकांकिका आणि एक दोन अंकी नाटक झालं, सगळं गद्य. आता गाण्यांचं नाटक लिहायचंय. विषय ठरलाय : कागलकडच्या एका गावातलं गुऱ्हाळ. बाप गुळव्या आहे, म्हणजे रस आटवून गूळ करणारा, मुलगा म्हणतो गुऱ्हाळ मोडू आणि ऊस कारखान्याला घालू. घोडं अडलंय ते प्रकारावर. एक म्हणतो जुन्या संगीत नाटकासारखी पदं हवीत, दुसऱ्याला तमाशातल्यासारखं वगनाट्य पाहिजे, एकीचा आग्रह की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गाण्यातच असावं. बाकीचे म्हणतात, गीतकार जगदीश खेबुडकरांची गाजलेली सिनेगाणी घ्या, मधे गोष्ट ओवा, लोक आपोआप येतील. गटात दोघी शास्त्रीय शिकलेल्या आहेत, पाच जण सुरात गातात, चौघं गातच नाहीत. एक पेटीवाला आणि एक ढोलकी-हलगीवाला बाहेरून येईल. हाताशी ८५ हजार रुपये आणि पाच महिने आहेत. काय निवडू?
– राजारामपुरीतून एक वाचक

उत्तर : शेवटच्या पर्यायापासून सुरुवात करू, कारण तिथे आवडीनिवडीच्या आधी कायदा आडवा येतो. आपल्याकडे शब्दांचा आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. खेबुडकर २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत जिवंत आहे. चालीचा हिशेब त्या त्या संगीतकाराप्रमाणे वेगळा, आणि सिनेमाच्या बाबतीत हे हक्क बरेचदा निर्मात्याकडे नाहीतर ध्वनिमुद्रिका कंपनीकडे गेलेले असतात. वाद्यवृंदात गाणं म्हणणं एक आणि तेच गाणं नाटकाच्या गोष्टीत गुंफून पात्राच्या तोंडी देणं दुसरं. त्याला स्वतंत्र लेखी परवानगी लागणार असंच धरून चाला. दहा गाण्यांसाठी किती दारं वाजवावी लागतील ते मोजा, आणि मग पाच महिने मोजा.

समजा, परवानग्या मिळाल्या. तरी गाजलेलं गाणं एकटं येत नाही. पहिल्या ओळीलाच प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे सिनेमातली नटी उभी राहते आणि तुमचा गुळव्या चुलवाणापाशी, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीपाशी, ताटकळत बसतो. गाजलेल्या गाण्यांचं नाटक चालतं, पण जिथे प्रेक्षकाच्या आठवणी हाच विषय असतो तिथे. एखाद्या वाद्यवृंदाची गोष्ट असती, तर आम्हीच म्हटलं असतं, घ्या.

जुन्या नाट्यपदांचं मात्र उलट आहे. नाटककार किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६, खाडिलकर १९४८, आणि आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, ज्यांनी १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या, ते १९५५. या सगळ्यांच्या हक्काची मुदत संपलेली आहे. एखाद्या जुन्या चालीवर नवे शब्द बसवायचे असतील तर खुशाल बसवा. त्यात कमीपणा काहीच नाही. किर्लोस्करांच्या काळातली नाटकाची पुस्तकं उघडली की पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच कुठल्या गाण्याचा उल्लेख छापलेला दिसतो. फक्त मूळ चाल आणि नंतरच्या कुणी नव्याने बांधलेली चाल यांत गल्लत करू नका, दुसरीचा हक्क चालू असू शकतो.

आता मुद्द्याचं. प्रकार निवडताना तुमच्यातला प्रत्येक जण आपल्याला काय ऐकायला आवडतं ते सांगतोय. त्याऐवजी गुऱ्हाळाकडे बघून विचारा : इथला माणूस गायला लागतो तो का? प्रत्येक प्रकाराचं याला स्वतःचं उत्तर असतं आणि प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा ते मान्य करून बसतो. संगीत नाटकात पात्राचं मन भरून येतं म्हणून ते गातं, आणि ते आलाप घेत असताना गोष्ट थांबली तरी कुणी कुरकुरत नाही. वगात गाणारे मुळात फडातले कलावंत असतात, ते तुम्हालाच गोष्ट सांगतायत, तेव्हा गाण्याचं कारण द्यावंच लागत नाही. सगळं गाण्यातच असलं की गाणं हेच बोलणं होतं. कीर्तनात बुवा आख्यान लावतो. सतीश आळेकरांनी १९७४ च्या ‘महानिर्वाणा’त मेलेल्या माणसालाच कीर्तनाला उभं केलं, कारण स्वतःच्या मरणाचं आख्यान लावायला त्याच्याहून योग्य बुवा कुठला? प्रकार असा विषयातून वर येतो.

तुमच्या गुऱ्हाळात गाण्याचं कारण आयतं आहे : काम. चरकात ऊस सारणारा, चुलवाणात चिपाड सारणारा, काहिलीतली, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईतली, मळी काढणारा, प्रत्येकाचं अंग ठेक्यात हलतं. म्हणजे समूहाचं गाणं इथे उसन्या पायांवर येत नाही. एकट्याचं भरल्या मनाचं गाणं मात्र जपून वापरावं लागेल. काहिलीवर रस चढलाय आणि गुळव्या पाच मिनिटं आलापी करतोय, तर गूळ करपला!

या कसोटीवर तुमचे उरलेले तीन पर्याय लावून बघू.

सगळं गाण्यात हा पर्याय अकरा जणांत चौघं न गाणारे असताना तसाही लंगडा आहे, पण खरी अडचण वेळेची. हौशी गटाला समूहगानाचं एक मिनिट हालचालीसकट पक्कं बसायला दीड ते दोन तास तालीम लागते. ८० मिनिटांचं संगीत म्हणजे १२० ते १६० तास. आठवड्याला तीन संध्याकाळी दोन-दोन तास धरले तर पाच महिन्यांत तुमच्याकडे सव्वाशेच्या आसपास तास आहेत, त्यात परीक्षा, लग्नं, गणपती यांची वजाबाकी अजून केलेलीच नाही. अभिनयाला उरलं काय? हा आग्रह धरणाऱ्या ताईंना नाराज करू नका. त्यांना एक प्रवेश द्या, आठ मिनिटांचा, अख्खा गाण्यात. तो कुठला ते पुढे येईल.

संगीत नाटकाच्या पदांना कसलेला गळा लागतो, आणि तो तुमच्याकडे दोघींकडेच आहे. भांडण मात्र बाप-लेकाचं. मग पदं जाणार आई आणि बहिणीकडे, म्हणजे ज्यांच्या हातात गोष्टीचा लगाम नाही त्यांच्याकडे. पडदा पडला की लोक म्हणणार, गाणी छान होती, नाटक काय कळलं नाही. हौशी संगीत नाटकांत हे इतक्यांदा होतं की त्याचं आता कुणाला वाईटही वाटत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. मुलाची मुलगी करा. गुऱ्हाळ मोडू म्हणणारी तीच, पाकाची नजर असलेलीही तीच, आणि गाणारीही तीच. दुसरी शास्त्रीय शिकलेली आजी होईल किंवा शेजारच्या गुऱ्हाळाची मालकीण. बाप तुमच्यातल्या सगळ्यात चांगल्या नटाला द्या, तो गात नसला तरी. किंबहुना नसलेलाच बरा. ज्या नाटकात सगळे गातात तिथे एकटा न गाणारा माणूस आपोआप डोळ्यांत भरतो, त्याच्या गप्प बसण्याला वजन येतं. उरलेले तीन न गाणारे समूहात ठेक्याला लावा : चिपाडाच्या मोळीचा आवाज, घमेल्यावर पळी, टाचांचा ताल. सुराच्या माणसाला जे जमत नाही ते बेसूर माणसाला तालात पुष्कळदा जमतं.

वगनाट्य जवळचं आहे, पण जसंच्या तसं उचलू नका. गण (गणपतीची आळवणी), गवळण, बतावणी (विनोदी संवाद) आणि मग वग (मुख्य गोष्ट) असा पुरा क्रम धरला तर गोष्ट सुरू व्हायलाच अर्धा-पाऊण तास जातो. जत्रेत ते चालतं, सभागृहात दोन तासांत आटपायचं असेल तर नाही. गण तीन मिनिटांचा ठेवा. गवळण मात्र टाकू नका, तिच्यात सोनं आहे. मूळ गवळणीत काय होतं? मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या वाटेत अडवतात, दाण, म्हणजे जकात, मागतात, गवळणींची म्होरकी मावशी तोंड सोडते. तुमच्याकडे गुळाच्या ढेपांची गाडी शाहू मार्केट यार्डाला निघालीय आणि वाटेत अडत्या उभा. कृष्णाच्या जागी अडत्या, पेंद्याच्या जागी त्याचा दिवाणजी, मावशी तीच. तोलाई, हमाली, घट (वजनातली तूट), एकेक कापत कापत आजीच्या हातात काय उरतं ते आठ मिनिटांत गाण्यातून हसत हसत कळतं. हाच तो अख्खा गाण्यातला प्रवेश. दर कडव्याला एक कपात वाढते, म्हणजे कडवं पुढे सरकायला कारणही मिळतं.

वगाचा धोका सोंगाड्यात असतो. त्याला टाळी मिळाली की तो पसरतो, आणि दहाव्या प्रयोगाला चार मिनिटांची बतावणी चौदा मिनिटांची झालेली असते. त्याच्या प्रत्येक प्रवेशाचं शेवटचं वाक्य लिहून ठेवा आणि त्या वाक्यावर ढोलकी पडलीच पाहिजे असा नियम करा. ढोलकीवाल्याला ते अधिकार द्या. दुसरा धोका चवीचा. वग सगळ्यांची टर उडवतो, बापाचीही उडवेल. मध्यंतरानंतर सोंगाड्याचं बोलणं निम्म्यावर आणा, नाहीतर शेवटी बापाच्या दुःखावरही लोक हसतील.

तेव्हा आमचं मत : चौकट वगाची, आत मोजकी पदं, आणि समूह म्हणजेच गुऱ्हाळ. नेपथ्य बांधू नका. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांची रांग हीच भिंत झाली, पडदा झाली आणि गातही राहिली. तुमच्या सहा-सात जणांनी गोल उभं राहून कमरेच्या उंचीवर एक दोर ताणून धरला की काहील झाली. दोर सैल सोडला की गुऱ्हाळ मोडलं. खर्च फार तर पाचशे रुपये.

गाणी नऊ पुरेत. गण, गवळण, चरकाचं समूहगीत, आजीची ओवी, मुलीची दोन पदं, सौद्याचा (गुळाच्या लिलावाचा) पोवाडा, पाकाचं गाणं आणि शेवट. एकेक सरासरी तीन-साडेतीन मिनिटं आणि गवळण आठ, म्हणजे ३५ मिनिटांच्या आसपास. उरलेली ७० ते ७५ मिनिटं गद्य. लिहिताना ध्यानात ठेवा, कागदावरचं तीन कडव्यांचं गाणं ध्रुवपद, वाद्यांचे तुकडे आणि झील (मागच्यांनी मिळून म्हणायची ओळ) धरून साडेचार मिनिटांपर्यंत जातं. म्हणून दोनच कडवी लिहा. तिसरं कडवं तेव्हाच लिहा, जेव्हा त्यात काहीतरी नवीन घडणार असेल.

यासाठी पाकाचं गाणं जरा जवळून बघू, कारण अख्खं नाटक त्यावर उभं राहील. रस उकळतोय, मळी काढून झाली, फेस चढलाय, रंग फिरलाय. पाक ११८ अंशांच्या आसपास आला की उतरवायचा असतो, पण गुळव्या थर्मामीटर बघत बसत नाही. तो हात गार पाण्यात बुडवतो, चिमूटभर पाक उचलतो, पुन्हा पाण्यात धरतो आणि बोटांत गोळी होते का बघतो. लवकर उतरवला तर ढेप धरत नाही, चिकट राहते. उशीर झाला तर करपतो, रंग काळवंडतो आणि सौद्यात भाव पडतो. मधे काही क्षण असतात, बस.

इथे पहिल्या खर्ड्यात हमखास असं काही लिहिलं जातं :

गोड गुळाची कडू कहाणी
डोळ्यांमधले आटे पाणी

ऐकायला बरं आहे. पण गाणं सुरू होताना जे माहीत होतं तेच संपताना माहीत असतं. त्याऐवजी हे बघा :

जाळ घाल, जाळ घाल, फेस आला काठी
(झील) धरंना गोळी, धरंना
थांब बाई, थांब जरा, घाई कुणासाठी
(झील) धरंना गोळी, धरंना

इथे झील ही बातमी आहे. प्रत्येक वेळी बाप पाण्यात हात घालतो आणि झीलकरी निकाल सांगतात. पहिलं कडवं विलंबित, दुसरं मध्य लयीत, मुलगी गातेय, बाप गप्प. तिसऱ्या कडव्यात झील ‘धरंना’ म्हणत असतानाच मुलगी गाणं सोडून बोलते, ‘धरली.’ ढोलकी बंद. बाप पाण्यात हात घालतो. चार सेकंद काहीच नाही, आणि चार म्हणजे चार, दिग्दर्शकाने मनात मोजावेत. मग बाप नुसता हात वर करतो, आणि द्रुत लयीत पाक वाफ्यात ओतला जातो. जी गुऱ्हाळ मोडायला निघाली तिलाच पाक आधी कळला, ही गोष्ट गद्यात सांगायला दोन पानं लागली असती आणि तरी पटली नसती.

बोलीचंही इथेच सांगतो. संवादात ‘धरंना’, ‘न्हाई’ आणि पदात ‘मजला’, ‘तुजला’ असं करू नका. जुन्या पदांची ती भाषा होती, तिला तिचं व्याकरण होतं. आज ती आली की पात्र अचानक दुसऱ्याच कुणाचं झाल्यासारखं वाटतं. आजीला ओवी द्या, साडेतीन चरणांची, तिथे जुने शब्द शोभतात.

आता पट्टी, म्हणजे कोण पेटीच्या कुठल्या सुराला षड्ज (सा) धरून गातो ते, कारण पुरुष-स्त्रीची गाणी सगळ्यात जास्त इथे फसतात. तुमचे पुरुष काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातील, बाया काळी चार-पाचमध्ये. झील सगळ्यांनी एकाच सुरात म्हणायची म्हटली की कुणाचा तरी गळा चिरकतो, नाहीतर खर्जात बुडतो. उपाय असा : पुरुषांचा षड्ज काळी एक ठेवा आणि बायांचं कडवं पुरुषांच्या मध्यमाला (म) षड्ज मानून, म्हणजे काळी तीनमधून बांधा. पेटीवाल्याला पट्टी बदलल्यासारखं न वाटता बदलता येते. झीलचा आवाका पाच सुरांच्या बाहेर नेऊ नका. आणि नऊच्या नऊ गाणी केरवा तालात बांधू नका. ढोलकीवाला खूश होईल, प्रेक्षक पाचव्या गाण्याला मोबाईल काढेल. ओवीला ठेकाच नको, मुलीचं एक पद रूपक किंवा दादरा तालात टाका.

वाद्यं समोरच हवीत, ध्वनिमुद्रित ट्रॅक नको. ट्रॅक हशा संपायची वाट बघत नाही आणि वरचे चार सेकंद तर मुळीच देत नाही. वादक रंगमंचावर डाव्या हाताला बसवा, जिथून ढोलकीवाल्याला बापाचा हात दिसेल. हलगी सभागृहात शब्द खाऊन टाकते. तिला शब्द नसलेल्या जागाच द्या : चरक, पाक ओतणं, सौद्याची सुरुवात. शिवाय चामड्याची हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते, आणि पावसाळी हवेत पुन्हा पुन्हा. सभागृहात जाळ करता येत नाही, करूही नये. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. फायबरच्या पानाची हलगी घ्या, आणि चुलवाणासाठीही खरी ज्योत, धूप, कापूर काही नको. तांबडा दिवा आणि समूहाच्या चेहऱ्यांवरचा घाम पुरतो.

पैशांपैकी निम्मे आवाजावर आणि वादकांवर घाला. मुलगी आणि आजीला अंगावरचे माईक भाड्याने घ्या, बाकीच्यांना रंगमंचाच्या कडेचे आणि वर टांगलेले चालतील. दोन तालमी तरी त्याच माईकवर झाल्या पाहिजेत. माईक पदराला घासतो हे प्रयोगाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

लिहिण्याचा क्रम उलटा धरू नका. आधी सगळी गोष्ट गाण्याशिवाय दोन पानांत लिहा. ज्या ज्या ठिकाणी कुणीतरी काही ठरवतं किंवा कुणाला काही कळतं तिथे खूण करा. दहा-बारा खुणा होतील, त्यांतल्या सात-आठ ठिकाणी गाणी बसतील. मग पाकाचं गाणं आणि गवळण ही दोनच गाणी पूर्ण करा, पेटीवर बसून चौघांना म्हणून दाखवा. ती उभी राहिली नाहीत तर प्रकार चुकलाय, आणि हे तिसऱ्या आठवड्यात कळणं स्वस्तात पडतं. गद्य त्यानंतर. जे गाण्यात आलं ते संवादातून निर्दयपणे काढा. हौशी संहितेत गाण्याआधीचं वाक्य नेमकं गाण्याची पहिली ओळ सांगून टाकतं.

संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल, संहिता गाण्यांच्या शब्दांसकट द्यावी लागते, म्हणून पहिल्या प्रयोगाच्या दोन महिने आधी शब्द पक्के करा. राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागाचा विचार असेल तर वेळेचे आणि संगीताचे नियम आत्ताच वाचा. पेटीवाला ऐन वेळी फिरला तर आपल्या इथल्या जुन्या संगीतसंस्थेत, गायन समाज देवल क्लबात, विचारा.

आणि एक काम लिहायला बसण्याआधी. गळीत चालू असताना अख्ख्या गटाने एक दिवस गुऱ्हाळावर घालवा. मोबाईलवर दोन तास नुसता आवाज भरून घ्या : चरक कुठल्या लयीत फिरतो, मळी काढणारा किती मात्रांनी पळी उचलतो. चरकाच्या गाण्याची लय तीच ठेवा, मग हालचाल शिकवावी लागणार नाही. पाक बघायची वेळ झाली की गुळव्याच्या शेजारी उभं राहून तो तोंडाने काही पुटपुटतो का ते ऐका. पुटपुटत असेल तर ते शब्द जसेच्या तसे उतरवा, चाल नंतर.